सिंकजवळचं सॉकेट

हे मी चांगल्या मनाने लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. आजारातून उठलेली माणसं लिहितात तेव्हा त्यांच्या लिखाणात क्षमा असते, आयुष्य नव्याने कळल्याचा आनंद असतो. तशी बरीच अनुभवकथनं मी हॉस्पिटलात डाव्या हाताने फोन धरून वाचली. मला ती आवडली नाहीत. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं अजून बधिर आहेत आणि ती कोणामुळे बधिर आहेत हे मला पक्कं माहीत आहे. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला ह्याचा उपयोग झाला तर चांगलंच आहे. पण लिहिते आहे ती त्याच्यासाठी, आणि तो मराठी वाचतो.

आपला माणूस

आम्ही अमेरिकेत, शॉमबर्गला राहतो. मी, माझा नवरा मिलिंद आणि मुलगी ईशा. ईशा इथेच जन्मली आणि आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये हायजिनिस्ट आहे. लोकांचे दात साफ करते. ह्या कामात डोळ्यांपेक्षा बोटं जास्त बघतात. हिरडीखाली कुठे खरखर आहे ते हातातल्या बारीक अवजारातून बोटांना कळावं लागतं. माझ्या बोटांना ते कळायचं.

घर भाड्याचं. मालक विद्याधरकाका, मराठी मंडळाचे अध्यक्ष. इथला मराठी माणूस घर शोधायला लागला की आधी मंडळाच्या ग्रुपवर विचारतो, आणि ग्रुपवर विचारलं की काकांचा फोन येतोच. काकांची बरीच टाउनहाउसेस आहेत आणि सगळीकडे भाडेकरू आपलेच. "आपल्या माणसाला घर दिलं की जीवाला घोर नाही," असं ते म्हणायचे. आम्हालाही तसंच वाटायचं. नळ गळाला, दिवा गेला, तर काका स्वतः हत्यारांची पेटी घेऊन हजर. रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनियर. बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलवायचा म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "ते लोक लुटतात गं. घरचा माणूस असताना परका कशाला?" गावच्या बिल्डिंग खात्यात फोन करायचा विचार तर आमच्या स्वप्नातही नाही. ते म्हणजे घरातलं भांडण चौकात नेण्यासारखं झालं असतं.

आता सॉकेटबद्दल. आमच्या किचनमध्ये सिंकच्या शेजारी एक बटणवालं सॉकेट होतं. अमेरिकेत पाण्याजवळ तशीच बसवतात. मधोमध दोन छोटी बटणं असतात, एक टेस्टचं, एक रिसेटचं. वीज कुठेतरी भलतीकडे झिरपायला लागली, म्हणजे ओल्या हातातून माणसाच्या अंगात शिरायला लागली, की ते सॉकेट डोळ्याचं पातं लवायच्या आत स्वतःला बंद करतं. मग रिसेट दाबलं की पुन्हा चालू. एवढंच त्याचं काम.

माझा मिक्सर भारतातला. लग्नात सांगलीच्या मावशीने दिलेला, सुटकेसमध्ये साड्यांत गुंडाळून आणलेला. इथले ब्लेंडर सूप करतात, चटणी वाटत नाहीत. पण तो आपल्याकडच्या विजेवर चालणारा, त्यामुळे मध्ये एक लोखंडी डबा लावावा लागतो, व्होल्टेज वाढवणारा. अशा डब्यांवर इथली निम्मी मराठी स्वयंपाकघरं चालतात. आमचा डबा लावला की थोड्या वेळाने ते सॉकेट टक् करून बंद पडायचं. मी ईशाला हाक मारायची, "अगं, कोणतं बटण दाबायचं?" शेवटी कंटाळून तिने रिसेटच्या बटणावर आपल्या निळ्या नेल पॉलिशचा ठिपका दिला. "ब्लू मीन्स गो, आई. प्लीज."

एकदा काका नळ बघायला आले होते तेव्हा मी म्हटलं, "काका, हे सारखं ट्रिप होतंय. जरा बघता का?" बघता का, असं म्हटलं होतं. काढता का, असं नाही. पुढे वकिलांमध्ये ह्या एका शब्दावर इतकं रामायण झालं म्हणून नीट सांगते आहे. काकांनी मेन बंद केला, ते सॉकेट उपटून पेटीत टाकलं आणि त्या जागी साधं बसवलं. मग आल्याचा चहा घेतला. "ह्या अमेरिकन लोकांना सगळ्याचीच भीती. आता कर हव्या तेवढ्या चटण्या." मी त्यांना थँक्यू म्हटलं. वर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली. त्या बरणीचा मला आजही राग येतो.

लाटणं

शनिवार होता. जेवायला माणसं येणार होती आणि मी ओलं खोबरं वाटत होते. ओट्यावर पाणी सांडलं आणि डब्याकडे जायला लागलं. मी डाव्या हाताने नळ बंद करायला गेले आणि उजव्या हाताने डबा बाजूला ओढला.

लोक विचारतात, झटका कसा होता? झटका नव्हता. झटक्याने हात सुटतो. माझा हात धरला गेला. बोटं डब्याभोवती मिटली आणि उघडेनात, दुसरा हात नळावर, आणि मधली मी कोणीच उरले नव्हते. मला ओरडायचं होतं. दात एकमेकांवर दाबले गेले होते. मिक्सर चालू होता आणि मला फक्त वाटत होतं की ह्या आवाजात कोणाला कळणार नाही.

ईशा नाश्त्याचं सीरियल घ्यायला खाली आली. तिने पाहिलं, आणि तिने मला हात लावला नाही. ते तिला शाळेत शिकवलं होतं. ओट्यावर पोळ्यांसाठी काढून ठेवलेलं लाटणं होतं. ते उचलून तिने माझ्या उजव्या हातावर सगळ्या ताकदीने मारलं, दोनदा की तीनदा, तिलाही आठवत नाही. मी खाली पडले. "इट वॉज द ओन्ली वुडन थिंग देअर," ती नंतर सगळ्यांना सांगत होती, जणू तिची चूक झाली होती. आईला लाटण्याने मारणारी एकमेव मुलगी असेल माझी, आणि तिच्यामुळे मी हे लिहायला उरले आहे.

घरी सुरक्षित वाटतं का

पहिला दिवस सगळा छातीला चिकटवलेल्या तारांचा. वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडली होती आणि वाटेत हृदय होतं. ते मॉनिटरवर धावत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते. मिलिंद शनिवार असूनही ऑफिसात होता, तिथून कामाच्या फोनसकट धावत आला होता आणि तो फोन हातात धरूनच उभा होता.

माझ्या तळहातावर जखम दिसायला लहानशी होती. करपलेल्या पोळीचा असतो तसा एक काळा डाग आणि तीन बोटांवर पांढरे चट्टे. मी मनात म्हणत होते, थोडक्यात निभावलं. मग सर्जन आली. तरुण, शांत बाई. म्हणाली, "बाहेरून दिसतं त्यावर जाऊ नका. वीज आतून भाजते." काही भाग मेला होता, तो काढावा लागणार होता. मांडीची त्वचा काढून हातावर लावावी लागणार होती. नसांचं काय होईल ते नंतरच कळणार होतं. मी विचारलं, मला कामावर कधी जाता येईल? तिने काम काय ते विचारलं. मी सांगितलं. तिने माझा हात हळूच चादरीवर ठेवला, आणि माझं निदान मला तिथे कळलं.

जाता जाता तिने विचारलं, "सिंकजवळ बटणवालं सॉकेट नव्हतं?"

"होतं," मी म्हटलं. "काढलं."

"कोणी?" असं तिने विचारलं. आणि मला अख्ख्या दिवसात पहिल्यांदा भीती सोडून दुसरं काहीतरी वाटलं. ते मी घट्ट धरून ठेवलं.

हॉस्पिटलात प्रत्येक बाईला विचारतात तसं नर्सने मलाही विचारलं, तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का? मी सरळ नाही म्हटलं. माझ्या मनात सॉकेट होतं. तिची नजर माझ्या दंडाकडे गेली, तिथे लाटण्याचे जांभळे वळ उठले होते. मग पडदा ओढला गेला, एक सोशल वर्कर बाई येऊन खुर्ची जवळ घेऊन बसल्या आणि मिलिंदला बाहेर थांबायला सांगितलं गेलं. बिचारा कॉफी घेऊन कॉरिडॉरमध्ये गुन्हेगारासारखा बसला. मुलीने लाटण्याने मारलं हे समजावताना प्रकरण आणखीच चिघळलं. लाटणं म्हणजे काय, ते घरी कायम बाहेरच असतं का, असेही प्रश्न झाले. त्या दिवसात मी एवढीच काय ती हसले.

बाकी दिवस ड्रेसिंगचे. सकाळी नर्सच्या गाडीची चाकं वाजली की मी कान तिकडे लावायची. त्या गाडीच्या आवाजावरून मला कळायचं की ती आमच्या खोलीकडे वळली की पुढे गेली. दुखणं सांगता येत नाही म्हणून सांगत नाही. नंतर मी काकांचा चेहरा डोळ्यासमोर आणायला शिकले. पट्टी सुटत असताना मी त्यांना निरनिराळ्या ठिकाणी उभं करायची. कधी मंडळाच्या स्टेजवर, कधी न्यायाधीशासमोर, कधी नुसतंच माझ्या सिंकपाशी, ओल्या हाताने. शरम वाटायला हवी होती. दुखणं कमी व्हायचं, हे खरं.

जेवण डाव्या हाताने. काट्याने सगळेच खातात, त्याचं काही नाही. पण एका संध्याकाळी ईशाने घरून दहीभात आणला, आणि मला तो डाव्या हाताने खाववेना. ताट तसंच राहिलं. मग ईशाने हात धुतले आणि मला हाताने भरवलं. लहानपणी मी तिला भरवायची तेव्हा ती तोंड फिरवायची. "ओपन," ती म्हणत होती, "ओपन, आई, डोन्ट बी अ बेबी." मी दहीभातात रडले. तोंड मात्र उघडत राहिले.

ठिपका कुठे गेला

घरी आले तेव्हा सिंकजवळ एक कोरं, चकचकीत बटणवालं सॉकेट होतं.

मी हॉस्पिटलात असताना काका येऊन गेले होते. मिलिंदने किल्ली दिली होती, कारण काका म्हणाले, मी एकदा सगळं चेक करून घेतो. लोखंडी डबाही त्यांनी "धोका नको" म्हणून नेऊन टाकून दिला होता.

दोनच दिवसांनी काका आणि सुनंदाकाकू भेटायला आले. काकूंनी गोड शिरा आणला होता. काकू मुळात कमी बोलणाऱ्या, त्या माझा पट्टीतला हात मांडीवर घेऊन बसल्या. काका म्हणाले, "वैशाली, अगं ते जुने डबे वापरायचे नसतात. मी कितीदा सांगतो सगळ्यांना. जाऊ दे, वाचलीस हे महत्त्वाचं."

"काका, इथलं सॉकेट तुम्ही बदललं होतं. साधं लावलं होतं."

"मी?" त्यांचा चेहरा अगदी साफ होता. "हे बघ ना, बटणवालंच आहे. पहिल्यापासून हेच आहे."

ईशा जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "देन व्हेअर्स माय डॉट? आय पुट अ डॉट ऑन इट."

"पुसला गेला असेल, बेटा." आणि मिलिंदकडे वळून, "धक्क्याने असं होतं. मेमरी कन्फ्यूज होते. डॉक्टरांना विचार."

मिलिंद जमिनीकडे बघत राहिला. ते मला हातापेक्षा जास्त लागलं. पाहुणे गेल्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "तेव्हा मी ऑफिसात होतो गं, आणि सॉकेट कोणतं ते मी कधी बघितलंच नाही. मी काय पाहिलंय? प्रूफ दाखव, मी उद्या उभा राहतो. ईशाचं शेवटचं वर्ष आहे, ह्या शाळेच्या हद्दीत दुसरं घर कुठे मिळणार आत्ता?" त्याचं सगळं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी त्याच्याशी बरेच दिवस धड बोलले नाही. मी एक वकील गाठला, त्यानेही तेच विचारलं. पुरावा काय?

मग ग्रुपवर काकांचा मेसेज आला. सर्व सभासदांना नम्र विनंती, भारतातून आणलेली जुनी उपकरणं वापरू नयेत, नुकताच आपल्या एका भगिनीला निष्काळजीपणामुळे अपघात झाला. खाली हात जोडलेले. त्याखाली सगळ्या मंडळाचे हात जोडलेले, काका किती काळजी घेतात म्हणून.

निष्काळजीपणा हा शब्द मी गिळला नाही. तोंडात ठेवला. डबा बिघडला होता, मान्य. मला ते माहीत नव्हतं. पण त्या सॉकेटला माहीत होतं. ते प्रत्येक वेळी टक् करून तेच तर सांगत होतं, आणि एका इलेक्ट्रिकल इंजिनियरने त्याचं तोंड बंद केलं आणि माझा चहा प्यायला.

तांदूळ

हाताची थेरपी एका पोलिश बाईकडे होती. तिचं नाव बीयाटा. ती एका टबात कच्चे तांदूळ भरून त्यात बटणं, नाणी, चाव्या लपवायची. डोळे मिटून ते सगळं बोटांनी शोधायचं. मी म्हटलं, आमच्याकडे तांदूळ निवडतात ते त्यातले खडे काढायला. ती म्हणाली, "मग तुम्हाला सवय असेल." नव्हती. तीन बोटांना तांदूळ आणि नाणं सारखंच लागत होतं. अंगठ्याला आणि करंगळीला काय ते कळायचं.

चेंडू दाबताना ती म्हणाली, "काहीतरी डोळ्यासमोर आणा. लोक समुद्र आणतात, नातवंडं आणतात."

"मी एका माणसाची मान आणते," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ग्रिप वाढली आहे," ती म्हणाली. "त्याला सोडू नका."

हायजिनिस्टचं काम गेलं. क्लिनिकने मला समोरच्या टेबलावर अपॉइंटमेंट घ्यायला बसवलं. आतल्या खोलीतून अवजारांचा आवाज आला की मी फोनवर मोठ्याने बोलते.

काकूंचं हळदीकुंकू

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू काकूंकडे असतं. शॉमबर्गच्या सगळ्या मराठी बायका येतात, काकांच्या भाडेकरणी तर झाडून. मी जाणार नव्हते. पण काकूंनी स्वतः फोन केला, आणि घरात बसून मी निष्काळजी ठरणार होते. काळी चंद्रकळा नेसले आणि गेले. ईशाने गाडी चालवली.

तिळगूळ चिकट होता म्हणून हात धुवायला किचनमध्ये गेले. सिंकपाशी चहाची इलेक्ट्रिक किटली लावलेली होती. सॉकेट बटणवालं होतं. रिसेटच्या बटणावर निळ्या नेल पॉलिशचा ठिपका होता.

मी आधी तो पाहिला, मग त्यावर अंगठा ठेवला. वाळलेल्या नेल पॉलिशचा उंचवटा असतो, तो अंगठ्याला लागला. मग टेस्ट दाबलं. टक् झालं आणि किटलीचा दिवा विझला. माझंच सॉकेट होतं. माझ्या भिंतीतून उपटून, पेटीत टाकून, काकांनी ते फुकट वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या घरात बसवलं होतं.

काकू आत आल्या. "किटली बंद झाली का? अगं, ते निळं दाब, चालू होतं."

मी निळं दाबलं. "छान आहे हो. कधी बसवलंत?"

"नातू रांगायला लागला ना, तेव्हा. ह्यांनी स्वतः बसवली सगळीकडे, बाथरूममध्येसुद्धा. म्हणाले, ओल्या हाताशी खेळ नको." त्या हसल्या. त्यांना काही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

मी फोनने फोटो काढला. बाहेरच्या खोलीत काका तिळगुळाचं ताट फिरवत होते. "तिळगूळ घे, गोड बोल," मला म्हणाले. मी घेतला आणि गोड बोलले. बाहेर गाडीत बसल्यावर ईशाला फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून ठिपका पाहिला. मग तिने तोच फोटो मिलिंदला पाठवला. मी घरी पोचले तेव्हा तो ओट्यापाशी उभा होता, आणि तो एवढंच म्हणाला, "सांग, काय करायचं."

माझं वाण

फोटो वकिलाला देऊन गप्प बसता आलं असतं. पण मग ते मी विरुद्ध काका असं झालं असतं, आणि ग्रुपवर पुन्हा हात जोडले गेले असते. शिवाय हळदीकुंकवात मृण्मयी माझ्या शेजारी बसली होती. नागपूरची मुलगी, नुकतीच आलेली, काकांच्याच घरात. तिचं बाळ रांगत सगळ्यांच्या पर्समध्ये तोंड घालत होतं. मी तिला विचारलं, "तुझं सिंकजवळचं सॉकेट बटणवालं आहे?" ती म्हणाली, "होतं ताई. ट्रिप व्हायचं यार सारखं. काकांनी चेंज करून दिलं."

रथसप्तमीच्या आत मी माझं हळदीकुंकू ठेवलं. वाण द्यायचं असतं, उपयोगाची एखादी वस्तू. कोणी डबी देतं, कोणी गाळणी. हार्डवेअरच्या दुकानात मुठीत मावेल एवढा टेस्टर मिळतो. सॉकेटमध्ये घालायचा, दिवे लागतात, आणि वर एक बटण असतं. ते दाबल्यावर सॉकेट टक् करून बंद पडलं तर ते तुम्हाला वाचवेल. काहीच झालं नाही, तर नाही वाचवणार. मी दुकानातले होते तेवढे उचलले, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि तिळगुळासोबत ओटीत घातले. काकूंनाही दिला. वाण कोणी नाकारत नाही.

"घरी गेल्यावर सिंकपाशी लावून बघा," मी सगळ्यांना सांगितलं. "बाथरूममध्येही. आज तिन्हीसांजेच्या आत बघायचं असतं." हा शेवटचा नियम मी तिथेच केला. बायका नवीन रीतीबद्दल शंका घेत नाहीत.

दिवेलागणीला ग्रुपवर फोटो यायला लागले. "दाबलं, काही झालं नाही." "आमच्याकडे पण नाही." "काकांनीच बदललं होतं." ज्यांची स्वतःची घरं होती त्यांच्याकडे टक् होत होतं. काकांच्या घरांत होत नव्हतं, आमचं नवं सोडून एकातही. मी एक अक्षर लिहिलं नाही. चहा करून घेतला आणि बघत बसले. माझं आजारपण कधी संपलं असं कोणी विचारलं तर मी ती संध्याकाळ सांगते.

मृण्मयीने गावच्या बिल्डिंग खात्यात फोन केला. तिला कोणी सांगितलं नव्हतं की चौकात जायचं नसतं. पुढे इन्स्पेक्टर आला, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आला, मंडळाला नवे अध्यक्ष आले. आमच्या केसबद्दल वकिलाने लिहू नको म्हटलं आहे म्हणून लिहीत नाही. काकांनी माझी माफी मागितलेली नाही. मी वाटही बघत नाही. तुम्ही मात्र आज उठून सिंकजवळचं टेस्ट बटण दाबा. बटणच नसेल किंवा दाबून काही होत नसेल, तर आपला माणूस बोलवू नका, परका बोलवा.

पण ह्या सगळ्याच्या आधी, वाणाच्या दुसऱ्याच दिवशी, मृण्मयीचा फोन आला होता. काका येताहेत, म्हणताहेत की ते टेस्टर फालतू आहेत, ताई तुम्ही याल का? मी आणि ईशा गेलो. काका पेटी घेऊन आले होते. काकूही बरोबर होत्या, बहुधा बाळाला बघायला.

"चिनी खेळणी आहेत ही," काका म्हणाले. "बायकांना उगाच घाबरवून ठेवलंय."

"मग तुम्हीच लावा," मी म्हटलं.

त्यांनी मृण्मयीचा टेस्टर सिंकपाशी लावला. दिवे लागले. त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. "बघ, बिघडलेला आहे," ते म्हणाले.

काकूंनी पर्स उघडली. माझं वाण बाहेर काढलं, हळदीकुंकू अजून त्यावर तसंच होतं. "हा लावा," त्या म्हणाल्या. "हा चांगला आहे. मी काल घरी सगळीकडे लावून बघितला, प्रत्येक ठिकाणी टक् झालं."

काकांनी तो लावला. दाबला. दिवे तसेच राहिले. मृण्मयीने खाली रांगणाऱ्या बाळाला उचलून कडेवर घेतलं.

"अहो, पुन्हा दाबा," काकू म्हणाल्या. त्यांनी पुन्हा दाबला. काकूंनी त्या बिनबटणाच्या सॉकेटकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "आपल्या किचनमधलं ते निळ्या ठिपक्याचं," त्या हळूच म्हणाल्या, "ते तुम्ही कुठून आणलंत हो?"

काका पेटी बंद करायला लागले. उत्तर ईशाने दिलं, आणि तिने ते मराठीत दिलं, काकूंना नीट कळावं म्हणून.

"तो ठिपका मी दिलाय, काकू," ती म्हणाली. "माझ्या आईसाठी."